पट्टी इथे, सूर तिथे

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या दुसऱ्या काठावर बर्कनहेड आहे. तिथल्या सेंट जॉन्स चर्चमध्ये १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट होप-जोन्स या हौशी ऑर्गनवादकाने एक उपद्व्याप केला. पोटासाठी तो टेलिफोन कंपनीत मुख्य विद्युत-तंत्रज्ञ होता. तारेतून माणसाचा आवाज लांबवर जातो हे तो रोज पाहत होता. चर्चमधल्या ऑर्गनच्या पट्ट्या आणि पाइप यांना जोडणारी यंत्रणा त्याने काढली आणि तिथे तारा व विद्युतचुंबक बसवले. मग पट्ट्यांचे मेज, म्हणजे कन्सोल, लांबलचक केबलसकट उचलून चर्चच्या आवारात नेले. वादक बाहेर थडग्यांच्या शेजारी बसलेला आणि ऑर्गन आत भिंतीपाशी. बाहेर पट्टी दाबली की आत सूर. ऑर्गनच्या इतिहासात हा प्रसंग हमखास येतो.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी मिडी आले, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ठरवलेली सामाईक भाषा. संगणक आणि सिंथेसायझरवाल्यांचे अपत्य म्हणून ते ओळखले जाते, आणि त्यांच्याच गरजेतून ते जन्मले हे खरे. पण पट्टी एकीकडे, सूर दुसरीकडे आणि मध्ये नुसता निरोप, ही मूळ कल्पना ऑर्गनवाल्यांची. मिडीसाठी सगळ्यात जास्त खटपट केलेल्या माणसाच्या डोक्यातही आयुष्यभर ऑर्गनच घोळत होता.

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटक आठवते. नांदी सुरू होण्याआधी भरलेला तो सूर, पायाने मारायचा भाता, गोविंदराव पटवर्धनांची बोटे. तो ऑर्गन हार्मोनियमच्या घराण्यातला. त्यात पितळी रीड असतात, पाइप नसतात. इथे गोष्ट आहे ती चर्चमधल्या पाइप ऑर्गनची आणि त्याची जागा घ्यायला निघालेल्या विजेवरच्या ऑर्गनची. पाइप ऑर्गनला हातासाठी दोन-तीन किंवा जास्त पट्टीपाट असतात, त्यांना मॅन्युअल म्हणतात. पायासाठी वेगळा पेडलपाट असतो. बाजूला स्टॉपच्या खुंट्या किंवा कळा. कुठला पाइपसंच बोलेल ते स्टॉप ठरवतो आणि कुठला सूर ते पट्टी ठरवते. शेकडो वर्षे या पट्टीपासून पाइपखालच्या झडपेपर्यंत लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि तारा जात. ऑर्गन जितका मोठा तितकी पट्टी जड. १८४१ साली पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या ऑर्गनमध्ये कारागीर कावाये-कोल याने चार्ल्स बार्कर या इंग्रजाची हवेच्या दाबावर चालणारी तरफ बसवली, तेव्हा वादकाच्या बोटांना पहिल्यांदा आराम मिळाला. त्यापुढचे एक मोठे पाऊल होप-जोन्सचे: बोट आता झडप ओढत नव्हते, फक्त एक विद्युतमंडल जोडत होते.

हे झाल्यावर एक दार उघडले आणि ते पुन्हा बंद झाले नाही. पट्टी जर नुसते बटण असेल, तर त्या बटणाने पाइपच का वाजवायचा? होप-जोन्स १९०३ साली अमेरिकेला गेला. त्याचे स्वतःचे धंदे बुडाले आणि १९१०मध्ये त्याची पेटंटे वुर्लिट्झर कंपनीकडे गेली. मूकपटांच्या थिएटरांसाठी वुर्लिट्झरने जे ऑर्गन बनवले त्यांच्या पट्ट्यांना ढोल, झांजा, घंटा, झायलोफोन आणि पक्ष्यांच्या शिट्ट्यासुद्धा जोडलेल्या असत. ही वाद्ये खरी होती, प्रेक्षागृहाच्या भिंतीआडच्या खोल्यांत बसवलेली. पडद्यासमोरचा एक माणूस तारेवरून त्या सगळ्यांना कामाला लावत असे. चर्चमधल्या सनातन्यांनी नाक मुरडले. होप-जोन्सने १९१४ साली आत्महत्या केली. वुर्लिट्झरची भरभराट त्याने पाहिली नाही.

पुढची उडी शिकागोच्या लॉरेन्स हॅमंडची. हा मूळचा घड्याळे बनवणारा. विजेच्या घड्याळासाठी त्याने जी एकसमान वेगाने फिरणारी मोटर बनवली, तिच्यावर दातेरी चक्रे बसवून चुंबकासमोर फिरवली की ठरावीक कंपनसंख्येचा विद्युतप्रवाह मिळतो. अशा चक्रांचा ऑर्गन त्याने १९३५मध्ये बाजारात आणला. पाइप नाहीत, हवा नाही, सूर स्पीकरमधून. स्टॉपऐवजी पुढे-मागे सरकवायच्या छोट्या दांड्या, ड्रॉबार. पाइप ऑर्गनच्या किमतीच्या मानाने हे प्रकरण इतके स्वस्त होते की लहान चर्चनी त्यावर उडीच घातली. हॅमंडच्या जाहिराती मात्र फार पुढे गेल्या. खऱ्या ऑर्गनचे सगळे रंग यातून निघतात असा दावा होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हरकत घेतली आणि प्रकरण सुनावणीला गेले. १९३७मध्ये शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपलमध्ये पडद्याआडून परीक्षा झाली: एकच रचना कधी तिथल्या पाइप ऑर्गनवर, कधी हॅमंडवर. ओळखायला बसलेल्या तज्ज्ञांचे जवळजवळ एक तृतीयांश अंदाज चुकले. आयोगाने तरीही १९३८मध्ये काही दावे मागे घ्यायला लावले. कायदा आयोगाच्या बाजूने लागला आणि प्रसिद्धी हॅमंडला मिळाली. खरा ऑर्गन आणि नक्कल यांच्यातला जो वाद आजही प्रत्येक चर्चच्या खरेदी समितीत होतो, त्याची पहिली जाहीर फेरी ही.

त्याच सुमाराला पेनसिल्वेनियातल्या अ‍ॅलनटाउन शहरात जेरोम मार्कोविट्झ नावाचा तरुण दुसऱ्या वाटेने चालला होता. त्याच्या अ‍ॅलन कंपनीचे नाव गावावरून पडले. निर्वात नळ्यांच्या ऑसिलेटरवर त्याने ऑर्गन बनवले, पुढे ट्रान्झिस्टर आले, आणि १९७१मध्ये नॉर्थ अमेरिकन रॉकवेल या अंतराळ-संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीबरोबर त्याने पहिला डिजिटल ऑर्गन विक्रीला काढला. राल्फ डॉइच या अभियंत्याचे संशोधन त्यामागे होते. पाइपच्या ध्वनिलहरीचा आकार आकड्यांत मोजून चिपमध्ये साठवायचा आणि पट्टी दाबली की ते आकडे योग्य वेगाने वाचायचे. आज मोबाइलची रिंगटोनही असेच काही करते, पण १९७१ साली घरगुती संगणकाचे नाव नव्हते, तेव्हा चर्चमधल्या बाकांसमोर हा संगणक प्रार्थनागीते वाजवत होता. या ऑर्गनांतली एक सोय मला फार आवडते. कन्सोलमध्ये छिद्रे पाडलेली कार्डे वाचणारी एक फट असे. वादकाने कार्ड आत सरकवले की त्यावर नोंदलेला नवा आवाज एका मोकळ्या स्टॉपवर येऊन बसायचा. आवाज बाहेरून आणायचा, पट्ट्या त्याच. मिडीच्या बारा वर्षे आधी.

पण कार्ड अ‍ॅलनचे, फट अ‍ॅलनची. दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलायची सोय कोणाकडेच नव्हती, आणि सिंथेसायझरच्या दुनियेत तर गोंधळ आणखी मोठा होता. सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूगच्या पद्धतीत एक सप्तक वर जायला एक व्होल्ट वाढवायचा. काही जपानी कंपन्या व्होल्टचा हिशेब वेगळा धरत. डिजिटल जमाना सुरू झाल्यावर ओबरहाइमची जोडणी वेगळी, सिक्वेन्शियलची वेगळी, रोलंडची वेगळी. ज्याच्या रंगमंचावर तीन कंपन्यांचे चार कीबोर्ड असत त्याला चारही हातानेच वाजवावे लागत. म्हणूनच त्या काळच्या बँडच्या छायाचित्रांत कीबोर्डवाला तटबंदीच्या आत उभा दिसतो.

रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना हे खटकत होते. त्यांचे आयुष्य त्यांच्याच ‘आय बिलीव्ह इन म्युझिक’ या आत्मकथेत वाचायला मिळते. जन्म १९३०चा, ओसाकाचा. आईवडील लहानपणीच क्षयाने गेले. युद्ध संपल्यावर, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, क्यूशू बेटावर त्यांनी घड्याळदुरुस्तीचे दुकान काढले. हॅमंडही घड्याळवालाच होता हा योगायोग नोंदवायचा मोह आवरत नाही. मग त्यांनाही क्षय झाला आणि ते बरीच वर्षे रुग्णालयात पडून राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध मिळाले म्हणून ते वाचले. १९५४मध्ये ओसाकात रेडिओचे दुकान, तिथे फावल्या वेळात इलेक्ट्रॉनिक ऑर्गन बनवण्याची धडपड. १९६०मध्ये एस ही कंपनी काढली, हॅमंडशी भागीदारी केली, आणि ती सोडून १९७२मध्ये रोलंड उभी केली. ताल देणारी यंत्रे आणि सिंथेसायझर यांनी रोलंडला पैसा दिला, पण या माणसाची सुरुवात ऑर्गनपासून झाली होती.

जून १९८१च्या वाद्यव्यापाऱ्यांच्या अमेरिकन मेळ्यात काकेहाशींनी ओबरहाइम कंपनीच्या टॉम ओबरहाइम यांच्यापुढे विषय काढला: सगळ्यांनी मिळून एकच जोडणी ठरवली तर? ओबरहाइमनी त्यांना डेव्ह स्मिथ यांच्याकडे धाडले. स्मिथ हे कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे मालक. १९७८चा त्यांचा ‘प्रॉफेट-५’ तेव्हा गाजत होता. काकेहाशी आणि स्मिथ वयाने, भाषेने, धंद्याच्या आकाराने अगदी वेगळे. पण स्मिथ कामाला लागले. सहकारी चेट वुड यांच्याबरोबर त्यांनी नोव्हेंबर १९८१मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात एक निबंध वाचला. त्यात ‘युनिव्हर्सल सिंथेसायझर इंटरफेस’चा आराखडा होता: सेकंदाला १९,२०० बिट, साध्या गिटार-जॅकची जोडणी.

जानेवारी १९८२च्या मेळ्यात कंपन्यांची बैठक झाली. अमेरिकन मंडळींचा उत्साह तिथेच ओसरला. कोणाला हे फार साधे वाटले, कोणाला याहून वेगवान आणि गुंतागुंतीचे काही हवे होते, बाकीच्यांना आपले ग्राहक दुसऱ्याच्या वाद्याकडे जातील ही धास्ती. जपानच्या रोलंड, यामाहा, कोर्ग आणि कावाई या चार कंपन्यांनी मात्र पाठ सोडली नाही. एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असूनही त्या एका टेबलाशी बसल्या, स्मिथशी कागदपत्रांची देवाणघेवाण करत राहिल्या आणि त्यांच्या आराखड्याला आकार देत गेल्या. वेग वाढवून सेकंदाला ३१,२५० बिट केला. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्या वेळच्या चिपच्या दहा लाख स्पंदनांना ३२ने भागले की तोच येतो. वेगळा सुटा भाग घ्यावा लागत नाही. सगळा आराखडा अशा काटकसरीने भरलेला आहे. जॅकऐवजी पाच टाचण्यांची डिन जोडणी घेतली, जी युरोपातल्या घरगुती ध्वनियंत्रांमुळे स्वस्त मिळत होती. पाचांपैकी तीनच टाचण्या वापरात.

मला स्वतःला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती आणखी एक तरतूद. तार आत आली की तिच्यातली वीज थेट वाद्यात जात नाही. ती एक बारीक दिवा लावते आणि समोरचा प्रकाशसंवेदक तो दिवा पाहतो. दोन यंत्रांमध्ये विजेचा धागा जोडलेलाच नाही, म्हणून एकाची घरघर दुसऱ्याच्या स्पीकरमध्ये उतरत नाही. जुन्या इमारतीत, ऑर्गनचा पुरवठा एका फेजवर आणि ध्वनिवर्धकाचा दुसऱ्यावर असताना, या तरतुदीची किंमत कळते. या सगळ्या जोडणीचा खर्च काही डॉलरचाच होता आणि मालकीहक्काचे शुल्क शून्य. आराखडा या कंपन्यांनी फुकट देऊन टाकला.

रॉबर्ट मूग यांनी ऑक्टोबर १९८२मध्ये ‘कीबोर्ड’ मासिकातल्या आपल्या सदरातून ही बातमी वाद्यवाल्यांपर्यंत पोचवली. वर्षअखेरीला सिक्वेन्शियलचा ‘प्रॉफेट-६००’ बाजारात आला, आणि जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या मेळ्यात तो रोलंडच्या ‘ज्युपिटर-६’ला एका तारेने जोडला गेला. एकाच्या पट्ट्या दाबल्या, दुसरा वाजला. ऑगस्टमध्ये मिडीचा अधिकृत आराखडा छापून आला.

त्या तारेतून नेमके काय जाते हे एकदा जवळून पाहायला हवे, कारण पुढचे सगळे गुणदोष त्यात आहेत. मधली पांढरी एक दाबली. तारेतून तीन आकडे निघाले: १४४, ६०, ६४. पहिला सांगतो, पट्टी दाबली आहे आणि हा निरोप पहिल्या चॅनेलसाठी आहे. दुसरा पट्टीचा क्रमांक. तिसरा किती जोराने दाबली. पट्टी सोडली की तसेच आणखी तीन आकडे. बस्स. सूर, गोडवा, कंप यांतले काहीही तारेत नाही. एका निरोपाला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. चॅनेल एकंदर १६, आणि ते सगळे एकाच तारेत. वाड्याच्या दाराशी एकच टपालपेटी असावी आणि प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या नावाचे पत्र तेवढे उचलावे, तसे प्रत्येक वाद्य आपल्या चॅनेलचे निरोप उचलते.

हे ऑर्गनसाठीच बेतले आहे असे वाटावे इतके ते ऑर्गनला बसते. ऑर्गनची पट्टी मुळातच चालू किंवा बंद. पियानोसारखा जोराचा प्रश्न नाही. मॅन्युअल वेगवेगळे, तर चॅनेलही वेगवेगळे: एका मॅन्युअलला एक, दुसऱ्याला दुसरा, पेडलला तिसरा. आणि उशिराचे म्हणाल तर ऑर्गनवादकाइतका सोशिक वादक दुसरा नाही. पाइप वीस मीटर दूर असले तर त्यांचा सूर त्याच्या कानाशी यायला जवळजवळ सहा शतांश सेकंद लागतो. तो आयुष्यभर कानांवर नाही, बोटांवर भरवसा ठेवून वाजवत आलेला असतो. मिडीचा सहस्रांश सेकंद त्याच्या खिजगणतीतही नाही. रॉक बँडचे कीबोर्डवाले मात्र याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे कुरकुरत राहिले.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅलन, रॉजर्स आणि युरोपातल्या डिजिटल ऑर्गनांच्या पाठीमागे त्या पाच छिद्रांच्या गोल खोबण्या दिसू लागल्या. १९८८मध्ये काकेहाशींच्या रोलंडने ओरेगॉनमधली रॉजर्स ही चर्च-ऑर्गन कंपनी विकतच घेतली. ओसाकाच्या रेडिओ दुकानात ऑर्गनच्या मागे लागलेला माणूस शेवटी खऱ्या ऑर्गनच्या कारखान्याचा धनी झाला. कन्सोलवर स्टॉपच्या रांगेत नव्या कळा आल्या, मिडी चालू करणाऱ्या. कुठल्या मॅन्युअलची कळ दाबाल त्या मॅन्युअलचे निरोप बाहेर जाऊ लागतात. पलीकडे चपटी पेटी, साउंड मॉड्यूल: पट्ट्या नाहीत, नुसते आवाज. रोलंडचे ‘एमटी-३२’ १९८७चे, ‘साउंड कॅनव्हास’ १९९१चे. त्याच १९९१मध्ये ‘जनरल मिडी’ने १२८ आवाजांचे क्रमांकही ठरवून दिले, म्हणून कुठल्याही कंपनीच्या पेटीत ४८ मागितला की नगारे आणि ५७ मागितला की तुतारी. इटलीच्या आल्बोर्न-गालांतीने तर ‘आर्काइव्ह’ नावाने नुसत्या ऑर्गन-स्टॉपांचीच मॉड्यूल काढली. जुन्या ऑर्गनला फ्रेंच घाटाचे स्टॉप हवे आहेत? पेटी आणा, तार जोडा.

त्यामुळे ईस्टरच्या सकाळी छोट्या गावातल्या चर्चचा एकटा वादक पायाने नगारे आणि वरच्या मॅन्युअलवर तुतारी वाजवू लागला. दुसरा उपयोग त्याहून शांत, पण माझ्या मते अधिक मोलाचा. मिडीच्या आकड्यांची नोंद करणारे यंत्र जोडले की वादक आपले वादन साठवून, उठून, बाकांवर जाऊन बसू शकतो आणि तेच वादन तिथून ऐकू शकतो. कन्सोलवर बसणाऱ्याला सभागृहात काय ऐकू येते हे शेकडो वर्षे कळत नव्हते. त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या कानांवर विसंबावे लागे. नव्याने बांधल्या जाणाऱ्या पाइप ऑर्गनांनीही हीच सोय म्हणून मिडी घेतले. वादक रजेवर असताना नोंदलेल्या वादनावर प्रार्थना चालवण्याचा मोहही त्यातूनच आला, आणि त्यावर वादकांनी कपाळाला आठ्या घातल्या त्या रास्तच होत्या.

अडचणीही लगेच दिसल्या. आराखड्याने सांगून ठेवले होते की जोर मोजता न येणाऱ्या वाद्याने ६४ हा मधला आकडा पाठवावा. ऑर्गनवरून मॉड्यूलमधला पियानो वाजवला की प्रत्येक सूर त्याच ६४ जोराचा, म्हणून तो पियानो निर्जीव वाटतो. आवाज कमी-जास्त करणारे पेडल एका कंपनीच्या ऑर्गनमधून ७ क्रमांकाचा निरोप पाठवी, दुसऱ्यातून ११ क्रमांकाचा. मॉड्यूलला दुसराच हवा असला तर पेडल दाबून उपयोग शून्य. तारेची मर्यादा १५ मीटर, आणि कन्सोल वेदीजवळ, मॉड्यूल गायकवृंदाच्या गॅलरीत असे असले की ती कमी पडते. पट्टी सोडल्याचा निरोप वाटेत हरवला तर सूर अडकून भोकांड पसरतो. पाइप ऑर्गनमध्ये झडप अडकली की हेच होते, त्यामुळे जुन्या वादकांना याचे फारसे नवल वाटले नाही.

पण खरी उणीव यांतली कुठलीच नव्हती. ऑर्गनचा आत्मा स्टॉपमध्ये असतो, आणि स्टॉपसाठी मिडीत निरोपच नव्हता. सिंथेसायझरला एका वेळी एक आवाज पुरतो; त्यासाठी आवाज बदलण्याचा निरोप होता. ऑर्गनवर मात्र एका मॅन्युअलवर सहा-आठ स्टॉप एकदम उघडे असतात आणि गाण्याच्या मध्येच त्यांत भर पडत राहते. मिडीने कंपन्यांना आपापली खासगी भाषा बोलायला एक मोकळी जागा ठेवली होती, सिस्टम एक्सक्लुझिव्ह. तिथे प्रत्येक कंपनीला ओळखक्रमांक मिळाला: सिक्वेन्शियलला १, आणि त्या चार जपानी कंपन्यांना ओळीने ६४ ते ६७. ऑर्गन कंपन्यांनी बहुतेक करून स्टॉपचे निरोप याच खासगी भाषेत घातले. अ‍ॅलनचा ऑर्गन अ‍ॅलनच्या मॉड्यूलचे स्टॉप चालवी. रॉजर्सच्या मॉड्यूलला त्याचे निरोप कळत नव्हते. १९८२मध्ये सिंथेसायझरवाल्यांनी जे मन मोठे केले ते ऑर्गनवाल्यांनी केले नाही, असे मी म्हणेन. ग्राहक मोजके, यंत्रे महाग, एकदा विकलेला ऑर्गन तीस वर्षे बदलला जात नाही. अशा धंद्यात ग्राहकाला स्वतःच्या कुंपणात ठेवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. तोटा वादकांचा झाला.

कुंपण तोडले ते बाहेरच्याने. २००२मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधल्या मार्टिन डाइड यांनी ‘हाउप्टवेर्क’ हा संगणक-प्रोग्राम काढला. यात खऱ्या पाइप ऑर्गनचा प्रत्येक पाइप वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो, त्या चर्चच्या घुमण्यासकट. पट्टी सोडल्यावर छताखाली विरत जाणारा सूरही वेगळा साठवलेला असतो. प्रोग्रामबरोबर मिळणारा ऑर्गन बर्मिंगहॅमच्याच मोझली भागातल्या सेंट अ‍ॅन्स चर्चमधला, ब्रिंडली आणि फॉस्टर यांनी १९०७मध्ये बांधलेला. प्रागच्या सोनस पॅराडिसीने युरोपातले ऐतिहासिक ऑर्गन असे एकेक करून टिपायला घेतले. ‘ग्रँडऑर्ग’ नावाचा फुकट, खुला प्रोग्रामही आला. स्टॉपचा खासगी निरोप कळत नाही? हाउप्टवेर्क वादकाला सांगते: तुझ्या कन्सोलवरची कळ दाब, त्यातून जो काही निरोप येतो तो मी लक्षात ठेवतो. कंपनीची गुप्त भाषा समजून घ्यायची गरजच उरली नाही. तिचा आवाज ओळखला की पुरे.

इथे गोष्टीने कूस बदलली. १९९०च्या सुमाराचा एखादा डिजिटल ऑर्गन घ्या. त्याच्या ध्वनिचिपा आज कोणाला मोहवत नाहीत, काही कार्डे बंद पडलेली, सुटे भाग मिळत नाहीत. पण त्याच्या लाकडी कन्सोलला, पेडलपाटाला काही झालेले नाही आणि पाठीमागे पाच छिद्रांची खोबण आहे. संगणक जोडला की त्याच पट्ट्यांवर युरोपातल्या एखाद्या जुन्या चर्चचा ऑर्गन बोलतो. ऑर्गनमधून बाहेरचे आवाज चालवायला म्हणून मिडी आले होते. आता ऑर्गनच्या आत काही नसले तरी चालते. खऱ्या पाइपांच्या चाहत्यांना हे रुचत नाही, आणि त्यांचे एक म्हणणे खोडून काढता येत नाही: स्पीकर कितीही चांगला असला तरी बत्तीस फुटी पाइपातून हललेली हवा छातीला जशी लागते तशी लागत नाही. पण लहान घरात, रात्री हेडफोन लावून बाखचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला तो पाइप एरवीही मिळणार नव्हता.

मिडीची आणखी एक मर्यादा आपल्याकडच्या कानांना चटकन जाणवेल. त्याच्या पट्ट्यांचे क्रमांक सप्तकाला बाराच्या हिशेबाने चालतात. सूर हलवायचा निरोप आहे, पण तो चॅनेलभरच्या सगळ्या सुरांना एकदम हलवतो. १९९०च्या दशकात सूरजुळणीसाठी जोड-आराखडा आला, हाउप्टवेर्कमध्येही जुन्या युरोपीय स्वरजुळण्या निवडता येतात, पण चालत्या गाण्यात रागागणिक श्रुती बदलणे ही बाब वेगळी. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली तेव्हा हा प्रश्न त्यांनी पेटीतच सोडवला, तारेवर नाही.

कंपन्यांचे नशीब दरम्यान फिरत राहिले. फुकट वाटलेल्या आराखड्याने सिक्वेन्शियलला वाचवले नाही. १९८७मध्ये ती बंद पडली आणि तिचे नाव व मालमत्ता यामाहाकडे गेली. २०१३मध्ये काकेहाशी आणि स्मिथ यांना मिळून तांत्रिक ग्रॅमी मिळाले. त्यानंतर काकेहाशींनी यामाहाकडे शब्द टाकला आणि २०१५मध्ये यामाहाने सिक्वेन्शियल हे नाव स्मिथना परत केले. जुन्या स्पर्धकासाठी जुन्या स्पर्धकाकडे केलेली रदबदली. काकेहाशी २०१७मध्ये गेले, स्मिथ २०२२मध्ये. रॉजर्स रोलंडकडून २०१६मध्ये योहानुस या डच ऑर्गन कंपनीच्या समूहाकडे गेली.

जानेवारी २०२०मध्ये ‘मिडी २.०’ मान्य झाले. आता यंत्रे एकमेकांना विचारू शकतात, तुला काय काय येते; जोराच्या पायऱ्या १२८वरून ६५,००० पलीकडे गेल्या आणि प्रत्येक सूर स्वतंत्रपणे हलवता येतो. वाद्याच्या प्रकारानुसार समान निरोप ठरवायची सोयही त्यात आहे, आणि ज्या वाद्यांसाठी असे निरोप आखले गेले त्यांत ड्रॉबार ऑर्गन आहे, म्हणजे व्यापार आयोगाने ज्याच्या दाव्यांना चाप लावला होता त्या हॅमंडचा ऑर्गन. चर्च-ऑर्गनचे स्टॉप बहुतांशी अजून ज्या त्या कंपनीच्या भाषेतच बोलतात.